अकरा वेळा अंधार

वत्सला तायडे, सुरत. त्यांनी सांगितलं तसं उतरवून घेतलं.

मी मूळची बुलढाण्याकडची. बाप रेल्वेत गँगमन, त्यामुळे आमचं गाव असं एक नाहीच, बापाची बदली होईल ते गाव, कधी नांदुरा, कधी मलकापूर, लायनीला लागून दोन खोल्या आणि दारासमोरून गाडी. बापाच्या टोळीला रोज सकाळी हत्यारांची यादी मोठ्यानं म्हणावी लागायची, पाना, हातोडा, पहार, घमेलं, लाल झेंडी, हिरवी झेंडी, आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी परत तीच यादी, आणि एक वस्तू जरी कमी निघाली तरी सगळे जण लायनीनं चालत मागं जायचे, कारण पहार रुळावर राहिली तर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ते ऐकत मी वाढले, म्हणून मला यादीशिवाय सुधरत नाही. विहारात वंदनेला जायचं असलं तरी मेणबत्ती, काडीपेटी, फुलं, सतरंजी असं लिहून घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. माझ्या सासूनं पहिल्या आठ दिवसांतच सांगून टाकलं होतं की बाप्पा, ही सून नाही, ही वही आहे.

सातवी झाले आणि लग्न होऊन सुरतला आले. आमचे हे लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर. वीस-बावीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून यांचे कान गेले, डाव्या कानाला आता काहीच नाही आणि उजव्याला ओरडून सांगावं लागतं, आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून बोलतातही ओरडून, त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही गोष्ट गल्लीला माहीत असते. हे तुम्ही लक्षात ठेवा, पुढं लागेल.

टॉकीजमध्ये मी कशी आले, तर कतारगामच्या बाजूला आमच्या ओळखीची एक टॉकीज होती, नाव नको, तिथं लेडीज खिडकीवर फार रेटारेटी व्हायची, आणि पुरुष डोअरकीपर बायांच्या रांगेत शिरला की भांडण. तर शेठनं, म्हणजे मॅनेजरनं, सगळे शेठच म्हणायचे, एक बाई ठेवायचं ठरवलं. मी गेले. शेठ म्हणाला, बेन, अंधारात काम करावं लागेल, भीती वाटेल का. मी म्हटलं, भीती नाही वाटत, पण बॅटरी चांगली द्या, आणि एक वही.

त्या वहीत मी खुर्च्यांखाली सापडलेलं सगळं लिहायचे. चप्पल डावी, एक. दुधाची बाटली. छत्री, मुठीला तडा. नाकातली चमकी, कागदात बांधून ठेवली. एकदा दातांची कवळी. खेळ सुटला की मी दारात उभी राहून प्रत्येक रांगेला सांगायचे, खुर्चीखाली पाहून घ्या, काही राहिलं असेल. आपलं लेकरू, आपली चप्पल, आपली पिशवी. दिवसात चार वेळा, इतकी वर्षं. माझी तीच ओळख झाली, बाजारात भेटलेल्या बायाही मला म्हणायच्या, काय वत्सलाबेन, खुर्चीखाली पाहिलं का.

आता बुधवारचं सांगते, कारण सगळं त्या बुधवारावरच आहे. बुधवारी बारा वाजताचा खेळ फक्त बायकांचा. बुधवारच का, तर हिऱ्याच्या कारखान्यांची सुट्टी रविवारी, आमच्या लूमवाल्यांची विजेची सुट्टी सोमवारी, म्हणजे बुधवारी बारा वाजता पुरुष नक्की कामावर. हा खेळ मी उभा केला, असं मी म्हटलं तर त्यात खोटं नाही. एकेका गल्लीची यादी केली, कोण कुणाबरोबर येईल, कुणाचं लेकरू कोण धरेल, कुणाच्या सासूला मी स्वतः जाऊन भेटायचं. सासवा मला विचारायच्या, आत पुरुष नाही ना. मी सांगायचे, एक आहे, वर केबिनमध्ये ऑपरेटर कांतिभाई, त्यांना नातवंडं आहेत आणि ते खाली येत नाहीत. पिक्चर कसला आहे. मी सांगायचे, मी आधी पाहिलाय, चांगला आहे. माझ्या शब्दावर सोडायच्या. ज्या बायांनी सुरतला येऊन आपली गल्ली, नळ आणि साड्यांचे धागे कापायचा ढीग यापलीकडं काही पाहिलं नव्हतं, त्या बुधवारी वेणी-फणी करून यायच्या. प्लेगच्या साली टॉकीज बंद पडली, अर्धं सुरत गावाला पळालं, आणि परत सुरू झाली तेव्हा माझा बुधवार सगळ्यात आधी भरला.

आणि मग तो पिक्चर आला.

त्यातला हिरो म्हणजे जोक्सवाला. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा जोक्सच्या कॅसेटी निघायच्या, रिक्षात, पानाच्या गादीवर, सगळीकडे एक माणूस एकटाच बोलतोय आणि मागं लोक हसतायत. याच्या कॅसेटी चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. नवरा-बायको, भाजी, गॅसचं सिलिंडर, पाहुणे, असलं. आमच्या गल्लीत बाया धागे कापता कापता त्याच लावायच्या. म्हणून त्याचा पिक्चर येणार म्हटल्यावर मीच आधीच सांगून बसले, या बुधवारी या गं, घरच्यासारखा आहे. न पाहता बोलले. इतक्या वर्षांत एकदा मी यादी न तपासता सही केली, आणि तीच पहार रुळावर राहिली.

शुक्रवारी पहिला खेळ लागला. मी दाराशी उभी राहून पाहत होते आणि मला कुठं पाहावं कळेना. हिरो शेजारणीच्या खिडकीत डोकावतो. हिरो सासऱ्याच्या टबात लपतो. हिरो नर्सचा वेश करून बायकांच्या दवाखान्यात शिरतो. हिरो केळीवालीशी बोलतो, आणि ते काय बोलतो ते मी तुम्हाला सांगणार नाही. पुरुष खुर्च्यांवर उड्या मारत होते. घरी आले तर आमचे हे आधीच दुसऱ्या खेळाला जाऊन आलेले, आणि ओरडून सांगतायत, वच्छले, लय भारी पिच्चर आहे वं, मले पहिल्यांदा कळलं तो माणूस काय करते. कॅसेट यांना ऐकू येत नव्हती ना. गल्लीनं ऐकलं. मी म्हटलं, हळू बोला. ते म्हणाले, काहून, म्या काय चोरी केली.

मी शेठकडे गेले. म्हटलं, शेठ, बुधवारी हा चालणार नाही, जुना एखादा लावा. शेठ म्हणाला, बेन, डिस्ट्रिब्यूटरशी बोली झालीय, चारही खेळ हाच, मधे दुसरी रिळं चढवता येत नाहीत. तर म्हटलं, बुधवार एक-दोन वेळा बंद ठेवू. तेव्हा त्यानं चष्मा काढला. म्हणाला, बाहेर हिरेवाले उभे आहेत, बारा वाजताची तिकिटं मागतायत, एकदा बुधवार त्यांना दिला की परत बायकांना मिळणार नाही, आणि लेडीज खेळ नाही तर लेडीज खिडकी तरी कशाला. म्हणजे काय, ते मला समजलं. मी कुठं, तेही समजलं.

मग मी तेच केलं जे मला येतं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, रोज दोन-दोन खेळ मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि यादी केली. रीळ बदलायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो मोजून रिळाचा नंबर लिहायचा, मग कुठून कुठपर्यंत, मग कारण. दुसरं रीळ, खिडकी, हिरो स्टुलावर चढतो तिथपासून स्टूल मोडेपर्यंत, कारण कपडे. चौथं रीळ, सासरा आणि टब, साबण पडतो तिथपासून दार लागेपर्यंत, कारण तेच. असं करत अकरा जागा निघाल्या. दहा कोणीही काढल्या असत्या. अकरावीचं मी नंतर सांगते.

यादी घेऊन वर केबिनमध्ये गेले. कांतिभाई मशीनच्या दिव्याचा कार्बन बदलत होते. त्यांनी यादी पूर्ण वाचली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, बेन, अक्षर सुंदर छे. मी म्हटलं, हे तुकडे कापायचे. ते म्हणाले, प्रिंट आपली नाही, फूट अन् फूट मोजून परत द्यावी लागते, कात्री मी लावणार नाही. पण केबिनच्या खिडकीला झडप आहे. जागा आली की झडप पाडतो, आवाज बंद करतो, जागा गेली की उघडतो. मी म्हटलं, तेवढा वेळ काय होईल. ते म्हणाले, तेवढा वेळ अंधार होईल, दुसरं काय. मला ते पटलं. अंधारात वाईट दिसत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

बुधवार आला. बाया आल्या, नेहमीपेक्षा जास्तच, कारण आमच्या ह्यांच्या घशामुळं सगळीकडं गाजलं होतं. पहिला अंधार झाला. लेकरं रडायला लागली. बाया ओरडल्या, लाइट गेली. मी बॅटरी लावून सांगितलं, लाइट गेली नाही, जागा सोडू नका, आत्ता येईल. आली. दुसरा अंधार झाला. आता कुजबुज. कुणी म्हणालं, काय चाललंय तिकडं. कुणी म्हणालं, वत्सलाबेननं बंद केलंय, वाईट आहे म्हणून. आणि कुणी म्हणालं, मग आम्ही काय भिंत पाहायला आलो.

तिसऱ्या अंधारात मधल्या रांगेतून आवाज आला, थांबा व बायांनो, मी सांगस.

ही सिंधू. आमच्या मागच्या गल्लीतली, धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलणार, अंगानं एवढीशी, पण आवाज असा की नळावर तिनं एक हाक मारली तर चार बादल्या आपोआप मागं सरकायच्या. तिनं नवऱ्याबरोबर रविवारीच पिक्चर पाहिला होता. आणि ती सांगायला लागली, आता हिरो नर्स झालाय बरं, डोक्याला पांढरी टोपी, पण मिशी राहिली. पण ती हिरोचं नाव घेईना, ती सांगत होती आमच्या लूमच्या एका मुकादमाचं, तो तसाच मिशीवाला, सगळ्यांच्या ओळखीचा. तो नर्स होऊन दवाखान्यात शिरलाय, आणि तिथं खाटेवर आहे त्याचीच बायको, आणि ती म्हणते, सिस्टर, आता आलीच आहेस तर ही फरशी पुसून घे, मग भांडी आहेत, मग ह्या चार लेकरांना आंघोळ घाल. आणि मुकादम मिशी झाकून फरशी पुसतोय. काय सांगू तुम्हाला, पिक्चरमध्ये यातलं काहीच नव्हतं. फरशी नव्हती, बायको नव्हती. त्या बायांचं हसणं मी तसं आधी ऐकलं नव्हतं, पदर तोंडावर न घेता हसत होत्या, कारण अंधारात कोण पाहणार. झडप उघडली, पडद्यावर जोक्सवाला आला, आणि हसणं थांबलं.

पुढच्या प्रत्येक अंधारात तेच. मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते, चुकीचं काही निघालं की लगेच बॅटरी मारायची म्हणून. काही निघेना. ती जे सांगत होती त्यात लिहिण्यासारखं वाईट एक अक्षर नव्हतं, आणि मला त्याचाच राग येत होता. चार दिवस उभं राहून यादी मी केली, पाय माझे सुजले, आणि माझ्या अंधारात खेळ कुणाचा, तर सिंधूचा.

अकरावा अंधार झाला तेव्हा मात्र ती गप्प बसली. बाया म्हणाल्या, सांग न. ती म्हणाली, हे नको, हे राहू द्या. मला कळलं ती का गप्प बसली. आता तुम्हाला सांगते.

शेवटून दुसऱ्या रिळात हिरोच्या मागं गुंड लागतात, तो पळत पळत एका टॉकीजमध्ये शिरतो, आणि लपायला साडी नेसून लेडीज डोअरकीपर होतो. डोक्यावर घट्ट अंबाडा, चष्म्याला दोरी, एका हातात बॅटरी, काखेत वही. आणि मराठी वळणाच्या मोडक्या हिंदीत ओरडतो, चलो चलो, बच्चा अपना अपना, चप्पल अपनी अपनी. एवढंच. त्यात कपड्यांचं काही नाही, पदराचं नाही, वाकडं बोलणं नाही. पण शुक्रवारी ते पडद्यावर आलं तेव्हा पुढच्या रांगांमधले पाच-सहा पुरुष मागं वळले आणि माझ्याकडं बघून हसले. मी यादीत लिहिलं, अकरा, बॅटरीवाली बाई. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. मग लिहिलं, अशोभनीय.

घरी ह्यांना विचारलं, ती बॅटरीवाली पाहिली का, कशी वाटली. विचारायलाच नको होतं. हे ओरडून म्हणाले, हो न, त्या अख्ख्या पिच्चरमंदी तेवढी एकच बाई कामाची होती, तुयासारखी चालते. यांना ते कौतुक वाटत होतं. मी ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या बुधवारी तर जत्रा. चलथाणहून साखर कारखान्याकडच्या बाया टेम्पो करून आल्या, कामरेजहून आल्या, आणि रांगेतच मला विचारतायत, ती अंधारात सांगणारी आलीय ना, तिच्याजवळची जागा द्या. पिक्चर कुणालाच नको होता. पडद्यावर उजेड असला की बाया एकमेकींना शेंगदाणे देत, लेकरांना पाजत बसायच्या, आणि अंधार झाला की सरसावून बसायच्या. कांतिभाईंनी वरून मला सांगितलं, बेन, मी झडप जरा लवकर पाडतो, पब्लिक मागतेय.

आणि अकरावा अंधार आला. बायांनी सिंधूला सोडलंच नाही. पहिल्यांदा तिनं नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं, मग मला खुर्ची वाजल्याचा आवाज आला, ती खुर्चीवर चढली. आणि माझा आवाज आला. माझा, जोक्सवाल्याचा नाही. खुर्चीखाली पाहून घ्या, काही राहिलं असेल. आपलं लेकरू, आपली पिशवी, आपली चप्पल. पारूबाई, तुमचं नाव जोरवेकरणीच्या खाली आहे, वर का बसल्या. नवऱ्याला घरी ठेवून आलात ना, वहीत लिहून घेते, नवरा, एक, कानाला तडा.

हॉल हसण्यानं फुटला. मी काय केलं असेल, सांगा. मी रागानं तिच्या तोंडावर बॅटरी मारली. वाटलं, उजेड पडला की गप्प बसेल. तर काय झालं, इतका वेळ नुसता आवाज होता, आता सगळ्यांना ती दिसली. मान ताठ, पदर खोचलेला, हातात दुधाची बाटली बॅटरीसारखी धरलेली, दुसऱ्या काखेत घडी केलेली पिशवी, हुबेहूब मी. बाया पोटं धरून वाकल्या. मीच तिच्यावर उजेड पाडून ठेवला होता. बॅटरी बंद करावी तर हरल्यासारखं, चालू ठेवावी तर हे असं. मी चालूच ठेवली. झडप उघडेपर्यंत माझा हात तसाच होता.

त्याच आठवड्यात तो जोक्सवाला स्वतः टॉकीजला आला, पब्लिकला तोंड दाखवायला, हार घालून घ्यायला. मी जिन्यात गाठला. जवळून अगदी साधा माणूस, थकलेला, खोकत होता. मी म्हटलं, ती बॅटरीवाली तुम्ही कुठं पाहिली. तो म्हणाला, माताजी, हर टॉकीज में एक होती है. आणि पुढं गेला. त्याला वाटलं असेल, बाई खूश झाली.

तिसऱ्या बुधवारच्या आधी शेठनं मला ऑफिसात बोलावलं. आत आमच्या बाजूच्या तीन सासवा बसलेल्या, ज्यांना मी घरी जाऊन शब्द दिला होता त्याच, आणि दोन वडीलधारी माणसं. गोष्ट अशी झाली होती की कुणाचा तरी नवरा सायकल घेऊन बाहेर थांबला होता, त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं तर पडदा काळा, आवाज बंद, आणि आत चारशे बाया किंचाळून हसतायत. आता बाहेर जाऊन त्यानं काय सांगितलं असेल. एक सासू म्हणाली, तायडेबाई, उजेडात पिच्चर पाहायला पाठवल्या होत्या आम्ही, अंधारात बसायला नव्हत्या पाठवल्या. मी म्हटलं, आजी, अंधार कशासाठी आहे ते तर ऐका, वाईट दिसू नये म्हणून आहे, ही पाहा, माझ्याकडं यादी आहे.

आणि मी यादी शेठच्या हातात दिली. माझ्या हातानं दिली. त्यानं ती मोठ्यानं वाचली. खिडकी, कारण कपडे. टब, साबण पडतो तिथपासून. केळीवाली, कोणकोणती वाक्यं, तीही मी कांतिभाईंना चूक होऊ नये म्हणून पूर्ण लिहिलेली. एक एक कलम, कुठून कुठपर्यंत, माझ्या सुंदर अक्षरात. ती दोन माणसं खाली पाहायला लागली. सासवांनी पदर तोंडाला लावला. एकीनं विचारलं, हे बाईनं लिहिलंय. शेठ अकराव्याला थांबला. म्हणाला, बेन, ही बॅटरीवाली, यात काय वाईट आहे, ही तर साधी बाई आहे. अशोभनीय म्हणजे काय. इतकी माणसं माझ्याकडं पाहत होती, मी यादी परत घेतली आणि तिची घडी केली.

बुधवार गेला. बारा वाजताचा खेळ हिरेवाल्यांना मिळाला, लेडीज खिडकीला फळी मारली, आणि मला सायकल स्टँडवर पाठवलं. तो पिक्चर पुढं बरेच आठवडे चालला, झडप न पाडता. शेवटी कुणी जिंकलं, तर जोक्सवाला. बाया घरी बसल्या. नंतर गल्लीत केबल आली आणि तोच पिक्चर घरोघरी दिवसाढवळ्या लागला, सासवांसकट सगळ्यांनी पाहिला, कुणी काही बोललं नाही. मला अजून समजत नाही. चूक कुठं झाली ते शोधायला मी ती यादी किती वेळा तपासली, ओळीनं, खालून वर, वरून खाली. दहा कलमं बरोबर आहेत. आजही बरोबर आहेत.

आता मी स्टँडवरच आहे. सायकलींना काही सांगावं लागत नाही. बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा. हे आता लूमवर जात नाहीत, माझ्याजवळ येऊन बसतात आणि आतल्या पिक्चरमध्ये काय चाललं असेल ते पोस्टरवरून मला ओरडून सांगतात.

सिंधूशी मी दीड वर्ष बोलले नाही. नळावर ती आली की मी बादली भरायची सोडून जायचे. ती आता लग्नाच्या घरी, हळदीच्या दिवशी बायकांमध्ये बसून सांगते, लोक बोलावून नेतात, कुठं कुठं जाते. गेल्या महिन्यात दुपारची स्टँडवर आली, उभीच राहिली, मग म्हणाली, वत्सलाबाई, ती यादी द्या न, माले क्रम ध्यानमा राहस नही, नर्स आधी का टब आधी, घोटाळा होतो. मी म्हटलं, माझ्या यादीमुळं माझी खिडकी गेली, आणि तुला ती खेळायला पाहिजे. ती म्हणाली, खिडकी तुमची गेली, पण बुधवार माझाही गेला न बाई. मी रविवारी नवऱ्याच्या मागं बसून पिक्चर पाहते, तिथं मला कोण बोलू देतं.

ती गेल्यावर मी पेटीतून वही काढली. तिच्यासाठी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतलं, वाक्यं गाळून, नुसता क्रम. अकराव्याला आले तेव्हा माझ्या वहीतला अशोभनीय शब्द खोडला आणि तिथं लिहिलं, मला लागलं. कारणाच्या रकान्यात खरं कारण पाहिजे, नाही तर यादीला अर्थ नाही. मग कागद तिच्या घरी नेऊन दिला. म्हटलं, अकरावं सांगत जा, माझी हरकत नाही, पण बरोबर सांग. तू आधी पिशवी म्हणतेस आणि मग चप्पल, मी तसं कधी म्हणत नव्हते. आधी लेकरू, मग चप्पल, मग पिशवी. आणि मान एवढी ताठ नव्हती माझी. ती म्हणाली, होती. मी माझी जुनी बॅटरी तिला दिली, सेल काढून. सेल तिनं तिचे घालावेत.

तिच्या हळदीच्या कार्यक्रमाला मी एकदा गेले, मागं बसले. अकरावं आलं, बाया हसल्या, मला लागलं, पहिल्याइतकंच लागलं. पण क्रम बरोबर होता.

झालं माझं. यापेक्षा जास्त काही नाही. लिहिलंत ते एकदा मला वाचून दाखवा, एखादी गोष्ट राहिली असेल तर घालू. तुम्ही सुखी राहा, तुमची लेकरंबाळं सुखी राहोत. आणि उठताना जरा खुर्चीखाली पाहून घ्या, काही राहिलं असेल.